पान पंधरा ते एकोणीस

पालम, जि. परभणी
ता. ८ जानेवारी २०२४, सोमवार

चि. ओमप्रकाश यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. थंडीनं तुझ्या कोकिळाकाकूचे गुडघे धरलेत, बाकी काही नाही. क्लासात सध्या अकरा मशीन आहेत, त्यांतली नऊ चालतात. तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का ते कळव.

हे पत्र रजिस्टरनं, पोचपावतीसह पाठवतोय. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं नंतर पुसता येतं, आणि कोण काय पुसेल हे हल्ली मला सांगता येत नाही.

मागच्या गुरुवारी राजेश्री क्लासला आली. पोखर्णीची लेक, इथं पालमला दिलेली, टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहे. तिचा भाऊ परभणीला तू शिकवतोस त्याच कॉलेजात. तिनं एक पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, हे तुमचंच हाय ना? आतलं सगळं तुमचंच बोलणं वाटायलंय. नाव मात्र दुसऱ्याचं."

'टेक्स्ट एडिटर कसा बसवावा: विंडोज, लिनक्स आणि मॅक'. पानं एकोणीस. मुखपृष्ठावर तुझं नाव. फक्त तुझं.

मी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा माझी निळ्या पुठ्ठ्याची वही शेजारी उघडून, ओळीखाली पट्टी धरून. पान दोनवर तू लिहितोस की डाउनलोडचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबू नका, ती जाहिरात असते. खरं बटण लहान आणि गरीब दिसतं. 'गरीब दिसतं' असं कुठल्या पुस्तकात असतं रे? ते माझ्या तोंडचं आहे. पान चारवर, विंडोज नवी फाईल अडवतं तेव्हा घाबरू नका, पण 'तरीही चालवा'वर लगेच क्लिकही करू नका; आधी फाईलचं नाव मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचायला मी लावतो. जिल्ह्यात दुसरं कोणी लावत असेल तर दाखव.

आणि पान नऊ. एडिटर बसला की मशीन बंद करा, दहापर्यंत मोजा, मग चालू करा. ओमप्रकाश, याची काही गरज नसते. आपल्या जुन्या स्टॅबिलायझरला सावरायला दहा आकडे लागायचे, म्हणून २००९ साली मी ते वहीत लिहिलं आणि पुढं खोडायचं राहिलं. तुमच्या कॉलेजात तो डबा नाही, तरी तुझी पोरं दहापर्यंत मोजायलीत. दुसऱ्याच्या वहीतून घेतलं की चूकही बरोबर येते, ती अशी.

वही कपाटात असते. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, दुसरी तू क्लास सांभाळायचास तेव्हा तुझ्याकडे होती. ती परत आल्याचं मला आठवत नाही.

तुझ्या प्राचार्यांना मी अर्ज दिला आहे, आवक क्रमांक घेऊन. तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतं आणि पुढचं त्यांच्या सहीवर आहे, हे मला अर्ज लिहिताना ठाऊक होतं.

वाल्मीक सर


पालम
ता. १७ जानेवारी २०२४, बुधवार

ओमप्रकाश,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पाकिटाचा एक कोपरा सुटलेला होता. पोस्टमन म्हणतो, डिंक थंडीनं सुटतो. असेल.

मी दोन पानं लिहिली, तू चार ओळी. त्या इथं उतरवतो, म्हणजे पुढंमागं वाद नको. "सर, विंडोजचं तुमचं आहे, नाव घालायला हवं होतं, चुकलो. लिनक्सचं आपण दोघांनी मिळून केलं. किल्ली मी २०१८ लाच काकूंच्या हातात दिली. मॅकचं कोणाचं, ते तुम्हीच सांगा."

शेवटची ओळ तुझी वाटत नाही. कोणीतरी शेजारी बसून सांगितल्यासारखी वाटते.

किल्लीचं तुझ्या काकूला विचारलं.

"दिली की त्यानं. कवाची शिलाईच्या डब्यात पडलीय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. त्याचं नाव काढलं की तुमी उठून जायचात."

डबा उपडा केला. बटणांत किल्ली निघाली. कपाटाला लावून पाहिली, लागते. तेवढा मुद्दा मी मागं घेतो. ती डब्यात कोणत्या साली गेली, ते मात्र मला तुम्हा दोघांच्याच तोंडून कळतंय.

लिनक्सचंही मान्य. पासवर्ड लिहिताना तिथं स्क्रीनवर टिंबसुद्धा उमटत नाही, हे मला माहीत नव्हतं. कीबोर्ड मेला समजून मी दोन कीबोर्ड बदलले. तू मागून म्हणालास, "सर, दिसंना तर न दिसू द्या. लिहा आणि एंटर मारा." चाललं. पान दहा ते चौदा दोघांची, ठीक.

राहिलं मॅक. पान पंधरा ते एकोणीस. वही माझी, अक्षर माझं, खाली तारीख १४ जून २०१७ आणि सही माझी. याच्यापुढं काय पाहिजे?

तरी कोणाला शंका नको, म्हणून रविवारी गंगाखेडला जातोय. तिथं योगीराज म्हणून आहे, लग्नाचे व्हिडिओ जोडतो, त्याच्याकडे मॅक आहे. त्याच्यासमोर एडिटर बसवून दाखवतो. वही नेणार नाही. ज्यानं लिहिलं त्याला वही लागत नाही. तुझी पुस्तिका तेवढी नेतो, नंतर ताडून पाहायला.

योगीराज तुझ्या ओळखीचा आहे का? असला तर त्याला फोन करू नकोस.

प्राचार्यांचं पत्र आलं. २९ तारखेला सोमवारी साडेदहाला दोघांना बोलावलंय. तुलाही आलं असेल.

वाल्मीक सर


पालम
ता. २४ जानेवारी २०२४, बुधवार

प्रिय ओमप्रकाश,

शुक्रवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी. आज स्पीड पोस्टानं टाकलं तर शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. सोमवारच्या आधी पडलं पाहिजे.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं गंगाखेडला गेलो. योगीराजचं दुकान कापडलाइनीच्या वर, जिना अरुंद. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणालो, चहा नंतर.

फाईल बरोबर उतरवली. त्याचा मॅक नव्या चिपचा आहे का जुन्या, ते आधी विचारलं. त्याला माझं कौतुक वाटलं, ते मला दिसलं. फाईल उघडली तशी एक छोटी खिडकी आली. तिच्यात एडिटरचं चिन्ह, शेजारी एक फोल्डर, मध्ये बाण. मी चिन्हावर दोनदा क्लिक केलं. मॅकनं अडवलं, ओळखीचा नाही म्हणाला. योगीराजनं हात घालून परवानगी दिली. एडिटर उघडला. मी त्यात माझं नाव लिहिलं आणि म्हणालो, "बसला."

"झालं एवढंच?"

"आता बंद कर. दहापर्यंत मोज. चालू कर."

त्यानं केलं. मॅक चालू झाला. एडिटर नाही. ती खिडकी नाही. पांढऱ्या डिस्कचं चिन्ह होतं, तेही नाही. मला पहिल्यांदा वाटलं, त्यानंच काहीतरी पुसलं. तसं मी बोललोही.

"मी कशाला पुसू, काका? हात तर खिशात हायेत माझे." मग त्यानं टेबलावरची पुस्तिका उघडली आणि पान सोळा वाचलं. चिन्ह उचलून शेजारच्या फोल्डरवर सोडा, नाहीतर एडिटर डिस्कमध्येच राहतो आणि मशीन बंद होताच डिस्क जाते. वाचून तो हसला. वाईट हसला नाही. "काका, हे तुमीच लिहिलंय म्हणलात ना? मग तुमाला कसं न्हाई माहीत?"

खाली उतरलो. चहा राहिलाच. स्टँडवर पालमची गाडी लागलेली होती, मी चढलो नाही. दुसरीही सोडली.

ओमप्रकाश, मॅकला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. २०१७ च्या मे महिन्यात तू पुण्याला छापखान्यात सुट्टीचं काम करत होतास, तिथून तू मला अकरा फोटो पाठवलेस आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. मी त्या वहीत उतरवल्या. तुझे 'इकडे', 'तिकडे' काढून नीट मराठी केलं, एवढंच माझं. अक्षर चांगलं आलं म्हणून खाली सही केली. कोणी पाहणार नव्हतं. मग तू आलास, वही उघडलीस, सहीवर बोट ठेवलंस आणि म्हणालास, "सर, हे..." मी तुला पुढचं बोलू दिलं नाही. "माऊस धरायला कोणी शिकवलं तुला?" असं म्हणालो. तू वही मिटून जागेवर ठेवलीस. वर्षाच्या आत क्लास सोडलास. मी गावभर सांगितलं की परभणीचा पगार दिसला.

मला कोणी शिकवलं नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, भंगारातलं मशीन आणून उघडून उघडून शिकलो. ते सांगायची इतकी सवय लागली की एक गोष्ट एका पोरानं शिकवली, हे सांगायला जीभ वळली नाही. आणि माझा संशय असा की तू नऊ पानं माझ्या नावाशिवाय छापलीस, ती याचाच राग म्हणून. खरं असलं तरी मी ते प्राचार्यांसमोर काढणार नाही.

योगीराजला तू फोन केला नव्हतास, असं तो शपथेवर सांगतो. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय. अजून पूर्ण जमलेलं नाही.

सोबत नवा अर्ज आहे. पहिला मागं घेतो, असं त्यात लिहिलंय. पान एक ते नऊ माझी, दहा ते चौदा दोघांची, पंधरा ते एकोणीस ओमप्रकाशची. वहीत साडेसहा वर्षं त्यांखाली माझी सही होती, ती खोटी होती. मी सोमवारी सव्वादहाला पोचतो. बोलायचं ते आधी मी बोलेन, तुझ्या नोकरीवर यायला नको.

तोवर अर्ज वाचून बघ. कुठं चुकलं असेल तर पेन घेऊन दुरुस्त कर. तू दुरुस्त केल्याशिवाय मी तो देणार नाही.

तुझा,
वाल्मीक