खोडलेला शब्द

४ मार्च, दुपारी ३
...आणि लाल पेनाने तो शब्द खोडला. 'अनिश्चित'. संग्रहालयाच्या कार्डांसाठीच्या प्रमाण शब्दसूचीत हा शब्द घुसवणारा माणूस भित्रा असणार. बुडालेल्या जहाजातून निघालेली वस्तू नांगर असते, सुकाणू असते, शिडाची कडी असते. अनिश्चित माणसं असतात. उदाहरणार्थ, माझ्या मदतनीस बाई. कपाटातल्या १८० वस्तूंच्या कार्डांवर त्यांनी हेच लिहून ठेवलंय.
२० तारखेला समिती येणार. संग्रहालयाच्या प्रमुखाची जागा भरायची आहे. कपाट निकालात निघालं की जागा माझी. रोज पंधरा वस्तू.

५ मार्च
दोन झाल्या. पेन खराब.

९ मार्च
एकूण सात. बाई म्हणाल्या, सर, सुतारकाकांना दाखवू या का, त्यांचा जन्म होड्या बांधण्यात गेलाय. हा सुतार हल्ली आमची कपाटं दुरुस्त करतो. म्हटलं, उद्या दगडाचं वय पाथरवटाला विचाराल. हसल्या नाहीत. विनोदबुद्धी अनिश्चित.

१३ मार्च
शून्य. कपाटाचा खण अडकला. सुतार माझ्या टेबलापाशी दोन तास ठोकत बसला.
बायको म्हणाली, झारा कुठला आणि उलथनं कुठलं ते कळत नाही, आणि निघालेत जहाजं ओळखायला. प्रमुखाची बायको होण्याची हिची लायकीच नाही.

१८ मार्च
विचार केला की वेळ जातो, हे लक्षात आलं. आज एका दिवसात १७४. लांब ते वल्हं, जड तो नांगर, भोक असेल ते शिडाचं. टेबलावरचं सगळं संपवलं. एकूण १८१. कार्डं १८०. बाईंना मोजताही येत नाही.
शेवटची वस्तू म्हणजे रत्न. लाकडी हातोडा, जहाजाच्या फटी बुजवण्याचा. अंदाजे तीनशे वर्षं. नंबर घातला, काचेत मधोमध ठेवला. बाई म्हणाल्या, सर, हा कपाटात कधी पाहिला नाही. म्हटलं, पाहायला नजर लागते.

२० मार्च, संध्याकाळ
समिती हातोड्यापाशी थांबली. मी वीस मिनिटं बोललो. लाकडाची जात, मुठीवरचा घाम, खलाशांचे हाल. सुतार दारात उभा होता. म्हणाला, साहेब, बोलून झालं असेल तर माझा हातोडा द्या, आठवडाभर शोधतोय. अध्यक्षांनी विचारलं, तीनशे वर्षांचा? तो म्हणाला, छे हो, मूठ तर गेल्या वर्षी बसवली.
मी त्याला सांगितलं, नंबर पडला की वस्तू संग्रहाची, लेखी अर्ज कर. नियम म्हणजे नियम.
अध्यक्षांनी बाईंची जुनी कार्डं मागवली. चार-पाच वाचली. म्हणाले, हे निदान खरं आहे. अध्यक्ष अडाणी माणूस.
निकाल उद्या. चिंता नाही. सलग वीस मिनिटं बोलणारा उमेदवार मी एकटाच होतो.

२१ मार्च
सकाळी दहाला बाई प्रमुखाच्या खोलीत बसल्या होत्या. मला चहा विचारला. घेतला.