कुरम्याच्या तीन बल्ल्या

३ मे १९८४, गुरुवार
…पाणी भरून झालं होतं, तीन खेपा. चूल सारवली. रात्रीच्या भाताला फोडणी दिली. ह्यांची गवंडीकामाची थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला. म्हटलं, मिरची संपली. म्हणाले, आणतो. एवढंच बोलणं. दुपारी परांचीवरून पडले, तिथेच गेले. चार वर्षं झाली, तरी ही सकाळ कुठेही उगवते. आज बैलगाडीत उगवली.
शिबिराला पोचले. एप्रिलात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवला, ती आग वाऱ्यानं टोल्यात, ह्या छोट्या वस्तीत, शिरली. सात घरं गेली. ती बांधायला आम्ही बारा जण. गुरुजी प्रमुख, बाकी कॉलेजातली पोरं. बाई मी एकटीच.
मला मैनीबाईकडे ठेवलं. घर नाहीच, चार खांबांवर पळसाचा पाला. नवरा लालसूभाऊ. सून सोमी, दिवस भरत आलेले. मुलगा तेंदूपत्त्याला लांब गेलाय.

५ मे
भिंती चढतायत. माती तुडवणं, गोळे देणं. ह्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं हेच केलं. हात विसरत नाहीत.
मैनीबाई मला लिहिताना बघते. "का लिहून राह्यली वो बाई रोज? आमची चुगली करते का साहेबाले?"
म्हटलं, अक्षरं विसरू नयेत म्हणून. शाळेत नाही गेले, विहाराच्या कपाटातली पुस्तकं चाचपडत शिकले.
"मंग माहं नाव लिव."
लिहिलं. त्यावरून बोट फिरवलं. "एवढुसंच?" खूप हसली. जेवताना आंबील आधी माझ्या द्रोणात ओतते.

८ मे, मंगळ.
मैनीबाईच्या ओसरीच्या छपराला बल्ल्या, लांब लाकडी वासे, कमी पडल्या. जंगलातून तोडायला परवानगी लागते. गुरुजी वनखात्याच्या नाक्यावरून हात हलवत आले. टोल्याच्या कडेला अर्धी जळालेली झोपडी आहे, बुटकी, वाकून शिरावं असं दार. कोंबड्यांची असावी. तिच्या तीन बल्ल्या धड होत्या, सागाच्या. विचारायला टोल्यात कोणी नव्हतं, सगळे पानं तोडायला. मीच उपसल्या. जळका भाग तासला. ओसरीला बरोबर बसल्या. संध्याकाळपर्यंत वर कौलं.
खूप दिवसांनी काम झाल्यासारखं वाटलं.

१० मे
ती कोंबड्यांची नव्हती. कुरमा होता. पाळीचे दिवस बाया तिथे काढतात, बाळंतही तिथेच होतात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत, नावही काढत नाहीत. म्हणून गुरुजींच्या यादीत सात घरं आली, कुरमा आलाच नाही.
आज बाया तो नीट करायला गेल्या तर बल्ल्या नाहीत. मैनीबाई तणतणत आली. "कोन्या मुडद्यानं चुलीत घातल्या!"
सहज विचारल्यासारखं विचारलं, तिथलं लाकूड कुणाच्या घराला लागलं तर?
"त्या घरी कोन राह्यते मंग? देव निंगून जाते."
गुरुजींना सांगितलं. "लाकूड ते लाकूड, बाई. तुम्ही वाचणाऱ्या. अंधश्रद्धेला आपणच खतपाणी घालायचं?"
कुरमा मलाही पटत नाही. पण बल्ल्या त्यांच्या होत्या, आणि मी
मैनीबाईला सांगितलंच नाही.

१३ मे, रवि.
सोमीला कळा. कुरमा उभा नाही, म्हणून बायांनी तिथेच फांद्या टेकवून पाला टाकला. म्हटलं, मांडवात तरी आणा. "काऊन वो बाई, तुले समजत नाई का?" मैनीबाई पहिल्यांदाच ओरडली.
दुपारी वादळ, गारा. पाला उडाला. बायांनी सोमीवर घोंगडी ताणून धरली. एक कोपरा मी धरला. मुलगी झाली. ओली, निळसर, बारीक रडली.

१४ मे
मुलगी सकाळी गेली. नाव ठेवायचं होतं.

१६ मे, बुध.
लालसूभाऊ ओसरी सारवायला पांढरी माती घेऊन आला. शनिवारी घरात जायचं. तालुक्याचे साहेब येणार, फोटो काढणार.
मैनीबाईनं आंबील ओतली. म्हणाली, "तू घोंगडी धरली, म्या पाह्यलं. आता तू आमचीच हायेस."
मी द्रोण खाली ठेवला.
गुरुजी म्हणाले, आता तर मुळीच सांगू नका. पोरीचं खापर तुमच्यावर फुटेल, शिबिरावर फुटेल. चुकीचं बोलत नाहीत. पावसाला फार दिवस नाहीत. सांगितलं तर ही माणसं घरात पाय ठेवणार नाहीत. नाही सांगितलं तर मैनीबाई जन्मभर त्या बल्ल्यांखालून ये-जा करेल, आणि मी सिंदेवाहीला माझ्या घरी पुस्तक उघडून बसेन.
ह्यांनी एकदा ओळंब्यात न बसलेली भिंत पाडली होती. मालकाला चूक दिसलीही नव्हती. मजुरी बुडाली म्हणून मी चार दिवस अबोला धरला होता.

१८ मे
सोमीला जेवण न्यायचं काम माझ्याकडे आलं. लांब ठेवून मागे सरायचं. कुरम्याच्या जागी नवा पाला टाकलाय, ऊन आरपार येतं. तिनं विचारलं, "बाई, तुमच्या इथी बाया कुठी राह्यते?"
"घरातच."
"अन् पानी आलं तं?"
"घरातच."
भाताला हात लावला नाही. मी उठून आले. उद्या शनिवार.

२० मे, रवि.
काल लिहिलं नाही. काल सकाळी, साहेब यायच्या आधी, मैनीबाई डोक्यावर घागर घेऊन नव्या घराकडे निघाली तेव्हा तिला अंगणातच थांबवलं. तिन्ही बल्ल्या बोटानं दाखवल्या. म्हटलं, ह्या कुरम्याच्या. कोणी चुलीत घातल्या नाहीत, मी उपसल्या. मग बल्ल्या मोकळ्या करायला शिडी लावली, वर चढले आणि ओसरीची कौलं उतरवायला घेतली.