शेंदऱ्याभोवतीचा चौथरा

अण्णा, शेंदऱ्याला यंदा मोहर आला नाही. जहागीरदारांच्या गढीमागची आमराई तुम्ही जन्मभर राखलीत, तिच्यातलं हे शेवटचं झाड. तुमच्या आज्यानंही ते म्हणे थोराडच पाहिलं होतं. मी नववीत असताना सदरा अडकवायला त्याच्या बुंध्यात खिळा ठोकला, आठवतं? तुम्ही माझ्याच हातात पक्कड दिलीत, खिळा उपटायला लावलात आणि भोकात शेणमाती भरून घेतलीत. म्हणालात, "त्याला तोंड न्हाई म्हणून काय बी करशील का रं?" मालकाच्या झाडापायी पोटच्या पोराला झाडलंत, याचा राग मी फार वर्षं पोसला.

मास्तरकीतून निवृत्त झालो आणि त्याला वारसा वृक्षाचा मान मिळावा म्हणून मीच अर्ज केला. खरं सांगतो, मान मलाच हवा होता. राखणदाराच्या पोरानं त्या गढीपुढं शाल घ्यावी, एवढंच डोक्यात होतं. कचेरीतले साहेब आले, बुंध्याला टेप लावून गेले. मग गावानं माझ्या देखरेखीत सिमेंटचा चौथरा बांधला, फरशी अगदी सालीला भिडवून. तुम्ही उन्हाळाभर आळं करून आडाचं पाणी घालायचात, तिथंच. शेजारची म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आता ह्येनं पाणी कुठून प्यावं?" मी हसलो. नावाचा फलक चार खिळ्यांनी बुंध्यावर ठोकला, तेव्हा तो धरून मीच उभा होतो. शाल मिळाली, फोटो निघाला.

आता शेंडे वाळून राहिलेत. चौथरा फोडू द्या म्हणून कचेरीत गेलो, तर म्हणतात, वारसा आहे, परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. परवानगी कधी येईल ते कुणीच सांगत नाही. पहार दाराआड उभी आहे. तुम्ही असता तर कुणाला विचारलं नसतं. मी विचारत बसलो, कारण पहार घालणं म्हणजे ज्यांच्यापुढं शाल घेतली त्यांच्यापुढं चूक कबूल करणं, आणि तेवढी माझी छाती होत नाही.

हा कागद तुमच्यापर्यंत येणार नाही, म्हणूनच लिहायला धजतोय. आखितीला पितरांपुढं शेंदऱ्याचा आंबा ठेवल्याशिवाय आपल्या घरात कुणी आंबा तोंडात घातला नाही. यंदाही मातीचा करा पाण्यानं भरला, पान वाढलं, आंबा ठेवला आणि हात जोडून म्हणालो, "अण्णा, शेंदऱ्याचा हाय, जेवा." तो मी अहमदपूरच्या बाजारातून आणला होता.