पावगाडीचा भोंगा आणि देखण्या गावाचा मान

मोंफ्राक, वरची आळी,
सेंट ल्यूकच्या सणानंतरचा सोमवार

आदरणीय ओदील वन्सं यांस,

आनोरीनचा मनापासून नमस्कार. तुमच्याकडे द्राक्षांची तोडणी आटोपली असेल आणि बदकांनी यंदा तरी शेजाऱ्यांची भाजी सोडली असेल, अशी आशा आहे. रविवारी मिस्सात तुमच्यासाठी आणि कैलासवासी भावोजींसाठी प्रार्थना केली. (फादरांनी प्रवचन लांबवल्यामुळे तुमच्यासाठी दोनदा झाली.) इकडे देवाच्या दयेने आम्ही दोघं आहोत. कसे आहोत ते पुढे लिहिते, कारण एका ओळीत मावण्यासारखं नाही.

तर सांगायचं म्हणजे, तुमच्या माहेराला ‘देखणं गाव’ हा मान मिळाला. अभिनंदन. खालच्या वेशीवर निळी पाटी लागली, सरपंच कास्तान्येद तिच्याखाली उभे राहून पोटभर रडले, आणि या एक तारखेपासून वेशीच्या आत एकही चाक यायचं नाही असा नियम लागू झाला. पावगाडी नाही, गॅसच्या टाकीची गाडी नाही, डॉक्टरची मोटारसुद्धा नाही. मागची गाडीवाट बंद, आणि पायी यायचं तर वेशीपासून आमच्या दारापर्यंत एकशे चौदा पायऱ्या आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. लहानपणी तुम्ही त्या एका दमात चढायचात असं हे सांगतात. मी आता चार दमांत चढते, आणि हातात टाकी असली तर दम मोजतच नाही. गेल्या हिवाळ्यात उजवा गुडघा गेला, या उन्हाळ्यात डावा त्याच्या मागून निघाला. डॉक्टर म्हणाले, “मादाम आनोरीन, पायऱ्या टाळा.” वन्सं, आमच्या गावात पायऱ्या टाळायच्या तर माणसाने ज्या ठिकाणी जन्म घेतला तिथेच मरेपर्यंत उभं राहावं.

या सगळ्यात माझाही हात आहे, म्हणून कुणाकडे तक्रार करायलाही तोंड नाही. मानासाठीचा अर्ज मीच लिहिला. वरच्या आळीत शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली मी एकटी, अक्षरही बरं, म्हणून सरपंच अर्ज घेऊन आमच्याकडे आले आणि दोन वाट्या सूप पिऊन गेले. बावीस कलमं होती. तटबंदी किती जुनी, विहीर कोणत्या राजाच्या काळातली, चर्चच्या घंटेवर काय कोरलंय, सगळं मी रेघ मारून सुबक लिहिलं. चौदाव्या कलमात ‘वेशीच्या आत वाहनबंदी मान्य आहे का’ असं विचारलं होतं. त्यापुढेही मी ‘होय, आनंदाने’ असं लिहिलं, कारण वरच्या चार-पाच कलमांपुढे तेच लिहीत आले होते आणि हाताला वळण पडलं होतं. महिन्याभराने रात्रीची जपमाळ म्हणताना ते कलम एकदम आठवलं, तेव्हा सहावा मणी की सातवा ते विसरले आणि पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

मग मी काय केलं ते फादरांना सांगितलंय, तुम्हालाही सांगते. फादरांच्या सांगण्यावरून गावासाठी म्हणून सेंट रादगोंदपुढे एक मेणबत्ती लावली, मान मिळू दे म्हणून. आणि तिच्या मागच्या बाजूला, खांबाआड, दुसरी लावली, मिळू नये म्हणून. दुसरी मुद्दाम जाड घेतली. (पापनिवेदनाच्या वेळी हे ऐकून फादरांना खोकला आला. तो खोकला खरा नव्हता.)

परीक्षक मंडळ गुरुवारी अकरा वाजता येणार होतं. सरपंचांनी आठ दिवस आधीपासून आमचा जीव खाल्ला. वाळत घातलेले कपडे आत घ्या, प्लॅस्टिकच्या कुंड्या लपवा, खिडक्यांच्या झडपा अर्ध्याच उघड्या ठेवा, घंटा वाजेपर्यंत कुणीही बाहेर यायचं नाही, आणि घंटेनंतर सगळ्यांनी स्वच्छ कपड्यांत सावकाश, जणू सहज फिरायला निघाल्यासारखं बाहेर यायचं. लेओकादी आजींनी (चौऱ्याऐंशी झाल्या, कान आता नावालाच आहेत) विचारलं, “सहज म्हणजे कुठे जायचं?” सरपंच म्हणाले, “कुठेही नाही, नुसतं दिसायचं.” आजी म्हणाल्या, “मग घरातच दिसते मी, ज्याला बघायचंय तो येईल.” गावाची बदनामी नको म्हणून सरपंचांनी पाववाल्या फिर्मँलाही त्या दिवशी वर यायला मनाई केली होती, कारण त्याच्या गाडीचा एक दरवाजा दोरीने बांधलेला असतो. मात्र फिर्मँ येणार नाही हे बायकांना सांगायचं राहिलं. सांगायचं काम सरपंचांनी उपसरपंचांना दिलं, उपसरपंचांनी बायकोला दिलं, आणि बायको बहिणीकडे बाळंतपणाला गेली होती.

आता तुमचे बंधू. दहा वाजता वेशीच्या कमानीत उन्हाला खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. माझ्या मते त्या दिवशी तरी त्यांनी घरात बसावं. त्यांच्या मते राजा आला तरी सूर्य थांबत नाही. मंडळाची गाडी तासभर आधीच आली. (शहरातली माणसं, त्यांना उशिराची भीती.) पांढरी, चौकोनी, मागे दोन दारांची, थेट फिर्मँच्या गाडीसारखी. कमान अरुंद, मधे खुर्ची, खुर्चीत हे. ड्रायव्हरने एक छोटा भोंगा दिला. हे पायावर पाय टाकून बसले. त्याने दुसरा छोटा दिला. ह्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. तेव्हा त्याचा धीर सुटला आणि त्याने हात दाबूनच ठेवला.

वन्सं, दोन छोटे आणि एक लांब, म्हणजे पावगाडीचाच भोंगा. तुम्ही गाव सोडून तीस वर्षं झाली तरी हे ऐकून तुमचा हात पिशवीकडे गेला असेल.

सगळी वरची आळी बाहेर पडली. कुणी एप्रनमध्ये, कुणी केसांत चिमटे लावलेल्या, मी सपाता घालून, डाव्या हातात कापडी पिशवी आणि उजव्यात मंगळवारचा पाव, पुरावा म्हणून, कारण तो खालून काळा होता आणि मी दोन दिवस तो फिर्मँला दाखवायचा म्हणून जपून ठेवला होता. चौदा घरांतून एकोणीस बायका आणि दोन विधुर पायऱ्यांवरून धडाधड उतरलो. (उतरताना गुडघे काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही.) गाडीतून राखाडी कोटातली एक उंच बाई उतरली होती. फिर्मँने बायकोला पाठवलंय असं मला वाटलं. लग्नाला आम्हाला बोलावलं नव्हतं, त्यामुळे ती कशी दिसते हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी तिच्या हातात तो पाव ठेवला आणि म्हटलं, “बाई, संसार नवा आहे, मान्य. पण नवऱ्याला सांगा, भट्टीसमोर उभं राहायचं असतं, कॅफेत नाही.” ती म्हणाली, “हे काय आहे?” मी म्हटलं, “तेच तर मी विचारतेय.” मागून लेओकादी आजी ओरडल्या, “मला एक गोल, कडक भाजलेला, आणि कापून द्या!” बाई म्हणाली, “माझ्याकडे पाव नाही.” ते आजींना कुणीतरी कानात सांगितलं. आजी भडकल्या, “संपला? वेशीतच संपला? खालच्या गावांना आधी वाटलात ना! आमचे पैसे काय लाकडाचे आहेत?” तेवढ्यात सरपंच अर्धी दाढी केलेले, तिरंगी पट्टा खांद्यावरून लोंबत, धावत आले आणि दातांखालून म्हणाले, “आत व्हा! सगळे आत व्हा!” तर मागून एक आवाज आला, “तुम्ही असाल सरपंच आपल्या कचेरीत. इथे रांग आहे.”

गाडीतून मग आणखी चार जण उतरले, वह्या आणि कॅमेरे घेऊन, तेव्हा आम्हाला कळलं. मी तो पाव परत मागून घेतला. एवढी लाज मला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती. पण खोटं कशाला लिहू, लाजेच्या खाली कुठेतरी जीव हलकाही झाला. वाटलं, झालं, आता मान मिळत नाही. संध्याकाळी जाऊन जाड मेणबत्तीचे आभार मानून आले.

तीन आठवड्यांनी निकाल आला, तो सरपंचांनी मलाच मोठ्याने वाचायला लावला. तटबंदीला एक ओळ होती. विहिरीला अर्धी. आणि पुढे अख्खा परिच्छेद, की पाहुण्यांची चाहूल लागताच सारं गाव पिशव्या घेऊन वेशीकडे धावत येतं, पाहुण्याच्या हाती घरचा शिळा पाव ठेवून त्याला कडक शब्दांत सामावून घेतं, अशी मध्ययुगापासून जपलेली प्रथा मंडळाला इतरत्र कुठेही आढळली नाही. मी मधेच थांबून चष्मा पुसला आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला. लोकांना वाटलं, गहिवर आला.

तेव्हापासून दर रविवारी मिस्सानंतर पाहुण्यांच्या बसगाड्या येतात, वेशीबाहेर थांबतात, दोन छोटे एक लांब वाजतं, आणि आम्ही एकोणीस जणी रिकाम्या पिशव्या घेऊन एकशे चौदा पायऱ्या उतरतो, परक्या माणसांवर ओरडतो आणि परत चढतो. खऱ्या पावासाठी मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी वेगळं उतरायचं, कारण फिर्मँ तो वेशीतल्या लाकडी पेटीत ठेवून जातो. (पाहुणे त्यातला खातात आणि छान म्हणून चिठ्ठी ठेवतात.) उरलेल्या दिवशी पाहुणे आपले आपण वर येतात. परवा एक जोडपं सरळ माझ्या स्वयंपाकघरात आलं. मी शेंगा सोलत होते. बाई नवऱ्याला म्हणाली, “किती खरी वाटते ना!” मी हलले, तर दचकली. घर सातशे वर्षांचं आहे का म्हणून विचारलं. असेल, मी म्हटलं, आणि सातशे वर्षांत एकालाही इथे मोरी उताराला बांधता आली नाही.

हे मात्र फुलून गेलेत. सरपंचांनी त्यांना खुर्ची रंगवून दिली. तिसरा भोंगा होईपर्यंत हलायचं नाही, एवढंच काम, आणि ते काम त्यांना जन्मजात येतं. शनिवारी रात्री टोपीला ब्रश करतात. मी म्हटलं, “हिवाळा खाली कुठेतरी काढू या का?” तर म्हणाले, “खाली बेडूक राहतात.” गुडघ्यांचं बोलले तर म्हणाले, “आनोरीन, गुडघे सगळ्यांनाच असतात.”

असो. थकले. हात आणि मेणबत्ती दोन्ही संपत आलं. तुमच्या बदकांना माझा आशीर्वाद सांगा.

तुमची,
आनोरीन

ता. क. तुमच्याकडे अंगणालगतची खोली आहे, ती कोरडी आहे का? भाडं मी देईन, फुकट नको. स्वयंपाक करीन, बदकंही बघीन. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं आलो तर चालेल का?

ता. क. २. माझ्यासाठी म्हणून तुमचे बंधू डोंगर उतरायचे नाहीत. तुमच्यासाठी उतरतील, एकुलती एक बहीण आहात. म्हणून त्यांना वेगळं पत्र घाला की तुम्हाला बरं नाही आणि कुणीतरी जवळ हवं. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. तुमच्या वयाला काही ना काही असेलच, नीट शोधा. तरीही पाप लागलंच तर ते मी माझ्या नावावर सांगेन, फादरांना आता सवय आहे.

ता. क. ३. पोट लिहा, छाती लिहा, चक्कर लिहा, जे सापडेल ते लिहा. फक्त गुडघे लिहू नका. ते माझे आहेत हे त्यांना लगेच कळेल.