नवशिक्याने ब्लफ केव्हा करावा

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
पुण्याहून संगमेशचा फोन. शनिवारी येतोय. अव्वा, एकटी किती दिवस राहणार, आमच्याकडं चल, म्हणाला. नाही म्हटले. मुलाने निदान तीनदा विचारावे. तो लगेच म्हणाला, बरं, तुझी मर्जी. म्हणून मीच सुचवले : शनिवारी पोकरचा एक डाव. हरले तर येईन. जिंकले तर विषय बंद.
पोकर मे महिन्यात सुनेने, दिपालीने शिकवला. हे तेव्हा होते.

६ जानेवारी.
शेजारच्या शकुंतलेबरोबर सराव. पैशांऐवजी शेंगदाणे. निम्मे तिने खाल्ले. म्हणते, पत्ते वाईट आले की तू लई ताठ बसतेस. पाठ दुखते, म्हटले. बत्तीस वर्षे गणित शिकवले, माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलेले नाही.

७ जानेवारी.
नियम लिहून काढले. नवशिक्याने ब्लफ, म्हणजे वाईट पत्त्यांवर चांगल्याचा आव, क्वचित करावा. पत्ते टाकून देणाऱ्या गड्यापुढेच करावा. संगमेश लहानपणापासून हट्टी, पत्ते कधी टाकत नाही. सबब त्याच्यापुढे ब्लफ म्हणजे हार.
ठरले. ब्लफ करायचा नाही.

८ जानेवारी.
चार साड्या, स्वेटर, गोळ्या बॅगेत भरल्या. कपाटात जागा नव्हती.
दूधवाल्या सिदूला सोमवारपासून येऊ नको म्हटले. व्हय बाई, पुण्याला निघालासा की काय, म्हणतो. नसत्या चौकशा. दुधाला हल्ली वास येतो.

९ जानेवारी.
शेंगाचटणी दोन डबे. दिपालीला आवडते, तो नेईल.
शकुंतला बॅगेकडे बघत म्हणाली, जायचंय तर सरळ सांग की त्याला, पत्ते कशाला? कोण जातंय, म्हटले. ती हसली. मी नाही.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६.
डाव झाला. प्रत्येकी दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडे. मला दुर्री आणि सत्ती. मधल्या एकाशीही मेळ नाही. टाकून दिले असते तर तिथेच हरले असते. मागे हटणे स्वभावात नाही. सगळे शेंगदाणे पुढे सारले. ताठ बसले होते.
आता तो पत्ते दाखव म्हणणार, हे नक्की होते.
संगमेशने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. मग पत्ते पालथे टाकले. जिंकलीस अव्वा, राहा इथंच, म्हणाला. फोन घेऊन अंगणात गेला. दिपालीशी बोलत होता. आवाज मोकळा वाटला.

६.२०.
पत्ते गोळा केले. त्याच्या हातात दोन एक्के होते. तिसरा मध्ये उघडा पडला होता.
त्याला दिसला नसावा. डोळे तपासून घे म्हणायला हवे.