शेजारणीसाठी गोळी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मे १९८१

वन्सं,

नमस्कार लिहीत नाही. राग आला तर येऊ दे.

तुमच्या भावाकडनं निरोप मिळाला. पाळी जाताना वहिनी कुठली गोळी घेते, तिचं नाव तुम्हाला हवंय. कुरुंदवाडात तुमच्या शेजारणीच्या अंगाची आग होते म्हणे. आग शेजारणीच्या अंगाची, आणि परवाच्या लग्नात घामानं भिजून पदरानं वारा घेत बसला होतात तुम्ही. व्वा!

संक्रांतीत पहिल्या गोळीनं माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. पित्त ते, खरूज नव्हे! पण तुमच्या घरी, भर हळदीकुंकवात, सगळ्या बायकांदेखत तुम्ही करंडा लांबनंच सरकवलात. "तुमचं तुम्हीच लावून घ्या की वैनी. आमच्यात ल्हान पोरं हाईत." वर, म्हातारपणी गोळ्या खायची कसली ही थेरं, म्हणून हसलात. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि गांधी गेल्या. तुमचं ते हसणं अजून खाजतंय.

हे पत्र टपालात टाकत नाही, आजच तुमच्या भावाच्या हाती पाठवते. उद्या एस.टी.नं स्वतःच येते. त्याच बायका बोलवून ठेवा, आणि त्यांच्यासमोर तुमच्या बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावा. दोन्ही गोळ्यांची नावं मला पाठ आहेत. गांधी उठवणारीचं पण आणि दुसरीचं पण. शेजारणीला कुठलं सांगायचं, ते कुंकू लागल्यावर बघू.

खरूज न झालेली तुमची वहिनी,
इंदुमती