दह्यावरची देखरेख

३ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून घरातलं दही मी लावणार. आईच्या तोंडात फोड आलेत. तिखट चालत नाही, गरम चालत नाही, दोन महिन्यांत वजन चार किलो उतरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरचं घट्ट, सायीचं दही द्या, तेवढं तरी पोटात जाईल. बायकोच्या शाळेत परीक्षा चालू, ती सकाळी सातला बाहेर पडते. राहिलो मी. रिटायर होऊन एकोणीस दिवस झाले. एकतीस वर्षं कारखान्यात क्वालिटी तपासनीस होतो. माझ्या नजरेखालून एक वाकडा स्क्रू बाहेर गेला नाही, तिथे दुधाची काय बिशाद!

बायको जाता जाता म्हणाली, "विरजण लावा आणि विसरून जा."

विसरून जा! अशा बेजबाबदारपणाने आजवर या घरात दही लागत आलं, हे केवळ नशीब.

त्याच दिवशी, दुपारी १२.१५
दूध उकळलं, कोमट केलं, करंगळी बुडवून बघितली, चमचाभर विरजण घातलं. रजिस्टर उघडलं.
११.१५ पाहणी. पातळ.
११.३० पाहणी. पातळ.
११.४० चमचा घालून पाहिलं. पातळ.
तळाशी काय चाललंय ते वरून समजत नाही, म्हणून १२ वाजता तळापर्यंत ढवळून पाहिलं. तिथेही पातळ.

४ फेब्रुवारी
दही नाही. दूधही म्हणता येणार नाही. मधलंच काहीतरी आहे. दूधवाल्याचा संशय येतो.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
दूधवाल्याला दारातच धरलं. दुधात काय घालतोस विचारलं. तो म्हणाला, "काका, वरच्या शिंपीणबाई हेच दूध घेतात. त्यांचं दही भांडं उलटं केलं तरी पडत नाही."
म्हणजे त्यांना चांगलं दूध आणि आम्हाला पाणी, हे तो स्वतःच्या तोंडाने कबूल करून गेला. काढून टाकला.

७ फेब्रुवारी
दुसरा दूधवाला. दही तसंच. दोघे एकाच माळेचे मणी.

८ फेब्रुवारी
विचाराअंती दोष थंडीचा ठरवला. पातेल्याला माझा मफलर, त्यावर माझा स्वेटर, त्यावर कांबळं. दर पंधरा मिनिटांनी कांबळं काढायचं, स्वेटर काढायचा, मफलर सोडायचा, झाकण उघडायचं, पाहायचं, मग उलट क्रमाने बांधाबांध. मेहनत आहे, पण घरासाठी करायचं म्हटल्यावर अंग चोरून चालत नाही.
मुलगी कॉलेजातून आली. म्हणाली, "बाबा, त्याला झोपू द्या ना जरा."
आजकालच्या मुलांना देखरेख म्हणजे काय ते माहीतच नाही.

९ फेब्रुवारी
मफलरला आंबूस वास. दही नाही.

१० फेब्रुवारी, दुपारी १
यश!! दिसायला पातळच होतं, पण आईला वाडगाभर नेऊन दिलं. समोर उभा राहिलो. तिने एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "छान झालंय हो."
संपूर्ण वाडगा स्वयंपाकघरात रिकामा परत आला. मुलगी घेऊन आली.
घट्टपणा ही दिखाऊ गोष्ट आहे. चव महत्त्वाची. रजिस्टरमध्ये 'घट्टपणा' हा रकाना खोडला, 'समाधान' असा नवा आखला.

१२ फेब्रुवारी
वाडगा रिकामा. समाधान : पूर्ण.

१३ फेब्रुवारी
वाडगा रिकामा. बायकोला म्हटलं, आता तू परत दही लावायला घेऊ नकोस, आईला माझ्या हातची सवय झालीय. ती म्हणाली, "नाही हो, मी कशाला मध्ये पडते." आणि घाईने भाजी चिरायला बसली. थोडा मत्सर वाटतोय तिला. समजून घेतलं पाहिजे.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११
दवाखान्यात आईचं वजन : सव्वा किलोने वाढलं! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय देता? मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. मफलरपर्यंत आलो तेव्हा बाहेरचा एक पेशंट आत डोकावून गेला. आई खाली मान घालून बसली होती. कौतुकाने संकोचली असणार.

१८ फेब्रुवारी
मुलीचे केस हल्ली फार मऊ आणि चमकदार दिसतात. वय असतं.

१९ फेब्रुवारी, दुपारी १२.५०
जे पाहिलं ते क्रमाने लिहितो.
कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेलो. बाजूलाच आईच्या खोलीची खिडकी. वरून, शिंपीणबाईंच्या खिडकीतून, एक कापडी पिशवी खाली येत होती. चांगल्या जाड नाडीला बांधलेली, हळूहळू, धक्का न लागता. आईच्या खिडकीपाशी थांबली. आतून हात बाहेर आला. तो हात मी जन्मापासून ओळखतो. हाताने पिशवीतून डबा काढून घेतला, कालचा रिकामा डबा आत ठेवला आणि नाडीला दोन झटके दिले. पिशवी वर गेली.
दोन झटके! म्हणजे खुणासुद्धा ठरलेल्या!
खोलीत गेलो. आई डब्यातून खात होती. पांढरंशुभ्र, घट्ट, वर सायीचा थर, चमच्याने कापलं की कड तशीच उभी. माझा वाडगा शेजारी, भरलेला.
आई म्हणाली, "अरे, आलास का?"
ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिले होते. इथे दही खाऊन भांडं लपवत होते, आणि तेही सख्ख्या मुलापासून.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
चौकशी केली. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. निष्पन्न झालं ते असं :
योजना आईची. डबा शिंपीणबाईंचा. बायकोला पहिल्या दिवसापासून माहिती. आणि माझं दही रोज कुठे गेलं? मुलगी ते डोक्याला लावत होती.
ती म्हणाली, "बाबा, पण केसांना खरंच खूप छान आहे ते." मी एक नजर टाकली, तशी तिने वेणी पाठीमागे टाकली.
आईला विचारलं, मला सांगितलं का नाहीस?
ती म्हणाली, "कशी सांगू? चमचा तोंडात जाईपर्यंत तू पुढ्यातून हलायचा नाहीस. लहानपणी चित्र काढून आणायचास, तेव्हाही असाच उभा राहायचास. घोडा काढलाय म्हणायचास. मीही घोडाच म्हणायचे."
मी म्हटलं, तो घोडाच होता.
यावर तिघींनीही एकदम घड्याळाकडे पाहिलं. हे सगळ्यात जास्त लागलं.

२० फेब्रुवारी
संप. दही लावणार नाही. कोणाशी बोलणारही नाही. जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. झाकण किती वेळा उघडता हो?"
अभिमानाने सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी, हवं तर रजिस्टर दाखवतो.
त्या वर गेल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत हसण्याचा आवाज येत होता. शेजारधर्म संपला म्हणायचा.

२२ फेब्रुवारी
संपाचा तिसरा दिवस. कोणाच्या लक्षात आलेला नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी ९
गुपचूप पुन्हा लावतोय. बायको शाळेत, मुलगी कॉलेजात, आई झोपलीय. कोणालाही सांगणार नाही. आज दर पाच मिनिटांनी पाहणी करायची, बघू कसं लागत नाही. शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्यांऐवजी बोटं जायला हवीत.

सकाळी ९.१०
कारखान्यातून फोन. ताबडतोब या म्हणाले. माझ्याशिवाय अडणार हे ठाऊकच होतं. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून निघतोय. देखरेखीविना टाकून जाताना जीव तुटतो. आजचं दही गेलं.

संध्याकाळी ६.३०
तपासणी खात्याच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात राहिली होती. ती देण्यासाठी गेटवर पास मिळेपर्यंत चार तास, साहेब जेवून येईपर्यंत दोन. माझ्या जागेवर एक मुलगी बसते. नमस्कार केला, किल्ली घेतली, थँक्यू काका म्हणाली. संपलं.
घरी येऊन कोपऱ्यातलं झाकण उघडलं.
लागलंय.
बोटाने कड दाबली. हललं नाही. पातेलं तिरकं केलं. हललं नाही. साय अखंड, पाण्याचा थेंब नाही. मी खाली बसलो. नऊ तास याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

रात्री जेवताना
पातेलं टेबलावर मधोमध ठेवलं. त्यांनीच विचारावं म्हणून वाट पाहत बसलो.
बायकोने वाढून घेतलं. "अय्या, शिंपीणबाईंनी आज पातेलंभर दिलं?"
मी म्हटलं, मी लावलंय.
मुलीने बायकोकडे पाहिलं. बायकोने आईकडे पाहिलं.
मी म्हटलं, सकाळी नऊ वाजता. मी. या हातांनी.
आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हो रे बाळा, तूच लावलंस."
बायको म्हणाली, "जेवण झाल्यावर त्यांचं पातेलं घासून परत द्यायला हवं."
हे पातेलं आमचं आहे. लग्नात मिळालेलं. बुडावर माझं नाव कोरलंय. पण ते दाखवायचं तर दही उलटं करावं लागलं असतं. पडलं नसतं म्हणा. पण आई खात होती.

२५ फेब्रुवारी, सकाळी ९
उरलेलं दही आईने मागून घेतलं. दोन वाडगे. या दुखण्यात तिने एखादी गोष्ट दुसऱ्यांदा मागितलेली मी पाहिली नव्हती. शेवटचा चमचा चाटून म्हणाली, "शिंपीणबाईंना सांग हो, आजवरचं सगळ्यात चांगलं झालं होतं."
वर जाऊन सांगून आलो.